मेहर दीनची विहीर

म्हाताऱ्यानं मांडीवरचा पट्टा सोडला, गुडघ्याखालचा लाकडी पाय ओढून काढला आणि माझ्या टेबलावर आडवा ठेवला.

“आधी माझा बघ,” तो म्हणाला. “मग तुझा दाखव.”

रांगेतली माणसं हसली. मी हसलो नाही, कारण पाय हातात घेतल्यावर मला त्यातलं काम दिसलं. शिसवीचं लाकूड आतून वाटीसारखं कोरलेलं होतं, काठ तेल पिऊन गुळगुळीत झाले होते. तळाला ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा खिळ्यांनी बसवला होता, आणि टायर झिजला की काढता यावा म्हणून खिळ्यांची डोकी मुद्दाम वर ठेवली होती. पुण्यात मी वीस वर्षं कृत्रिम पाय बनवत होतो. एवढा तोल साधलेला घरगुती पाय मी पाहिला नव्हता. मी त्याला तसं सांगितलं आणि विचारलं, हा किती वर्षं वापरताय?

“हा चौथा. पहिला त्र्याहत्तर साली केला.”

त्याचं नाव मेहर दीन. साठी ओलांडलेला, उंच, खांद्यानं रुंद शेतकरी. मागं त्याची बायको सरदार बीबी उभी होती. नवा पाय तिला हवा होता, त्याला नव्हे. लाकडी पायानं हा पहाटे अंगणात चालायला लागला की ठकठक होते आणि नातवंडं उठून बसतात, अशी तिची तक्रार होती. प्लॅस्टिकचा पाय वाजत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मी खाली बसून त्याचा उरलेला पाय तपासायला घेतला. जखम जुनी होती, कातडी घट्ट ओढलेली, आणि कातडीखाली बारीक काळे-निळे ठिपके. स्फोटातली दारू आत शिरली की हे ठिपके जन्मभर राहतात. रुळावर किंवा मशीनमध्ये पाय गेलेल्या माणसाला ते नसतात. मी असे ठिपके वयाच्या अकराव्या वर्षापासून बघत आलो होतो, माझ्या थोरल्या भावाच्या पायावर.

“सुरुंग?” मी विचारलं.

“डब्बी,” तो म्हणाला. तिकडं सुरुंगाला तसं म्हणत.

हे मार्च २००५ मधलं. त्या दिवसांत सरहद्द थोडी सैल झाली होती. पुण्यातल्या आमच्या संस्थेनं आणि लाहोरच्या एका सेवाभावी मंडळानं मिळून पाकिस्तानातल्या शकरगढ भागातल्या एका तालुक्याच्या गावी पाच दिवसांचं शिबिर घेतलं होतं. आम्ही पुण्याहून चौघे गेलो होतो. मुलींच्या शाळेत वर्गातली बाकं भिंतीला रचून आमची भट्टी, प्लास्टरची पोती आणि टेबलं मांडली होती. सकाळी माप घ्यायचं, प्लास्टरचा साचा करायचा, भट्टीत मऊ केलेलं प्लॅस्टिक त्यावर ओढायचं, रबरी पाऊल जोडायचं आणि दुसऱ्या दिवशी माणसाला चालवून बघायचं, असं ते काम.

माझा भाऊ, हणमंत बर्गे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हे फौजेत सुरुंग पेरणाऱ्या आणि काढणाऱ्या तुकडीत नायक होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर आपल्या फौजेनं शकरगढचा मुलूख वर्षभर ताब्यात ठेवला होता. बहात्तरच्या डिसेंबरात तो परत द्यायचा ठरला आणि त्याच सुमारास अण्णांचा उजवा पाय गेला. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. अण्णा कुबड्या घेऊन आले तेव्हा गावानं त्यांना वाजतगाजत वेशीपासून आणलं. शत्रूच्या सुरुंगावर पाय गेला, हे आम्हांला शाळेत गुरुजींनी सांगितलं, पाहुण्यांनी सांगितलं, आईनं सांगितलं. अण्णा स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत. शूर माणसं बोलत नाहीत, असं आम्ही धरून चाललो. मी या धंद्यात आलो तो त्यांच्यामुळे. गेली पंधरा वर्षं त्यांचा पाय मीच करत होतो.

निघायच्या आधी त्यांना सांगायला गावी गेलो तर त्यांनी आधी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. हातातला कप त्यांनी खाली ठेवला. वहिनी म्हणाल्या, त्या लोकांना पाय करून द्यायला आपलंच माणूस बरं सापडलं. तिथली माणसं कशी आहेत हो, असं मी विचारल्यावर अण्णा म्हणाले, “मला काय ठाऊक? आम्ही होतो तेव्हा गावं रिकामी होती.”

मग मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, “जया, रस्ता सोडून शेतात पाऊल टाकू नकोस.” एवढंच. फाट्यापर्यंत पोचवायला ते एरवी यायचे, त्या दिवशी आले नाहीत.

तिथं गेल्यावर पहिले दोन दिवस मी जरा अंग चोरूनच वावरलो. मी मास्टर हैदर अली नावाच्या निवृत्त शिक्षकांच्या घरी उतरलो होतो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत गणवेशातल्या एका तरण्या पोराचा फोटो होता, त्याला कागदी फुलांची माळ. तो त्यांचा धाकटा भाऊ. एकाहत्तरला गेला. मास्टरांनी हे सांगितलं आणि लगेच चहात साखर किती, ते विचारलं. त्या फोटोसमोर बसून चहा पिणं मला जड गेलं. पण असाच फोटो, असाच हार आमच्या गावात सात घरांत आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ती सात नावं विचारली. मी सांगितली. त्यांनी प्रत्येक नाव हळूच उच्चारून पाहिलं, जमलं नाही तिथं परत विचारलं.

बाकी सगळं इतकं ओळखीचं होतं की मला त्याचंच नवल वाटायचं. सकाळी मास्टरीणबाई पाणी लवकर गेलं म्हणून कुरकुरत. समोरचा दुकानदार वजनात मारतो अशी गल्लीची खात्री होती, तरी सगळे त्याच्याकडेच जात. शाळेच्या शिपायाला मुलीच्या लग्नाची काळजी. आणि माझ्या मागावर एक साध्या कपड्यातला पोलीस होता. मी जाईन तिथं तो मोटारसायकलवरून मागं येई आणि संध्याकाळी माझ्यासमोरच वहीत लिही. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, रोज ‘शाळेत गेला, पाय केले, घरी आला’ हेच लिहितोय, साहेब रागावतात, जरा कुठंतरी फिरून तरी या.

ती संधी मेहर दीननं दिली. त्याचा पाय तयार झाला, पण चालवून बघायच्या दिवशी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिबिराचा शेवटचा दिवस उरला होता आणि बेचाळीस पायांपैकी एवढा एकच टेबलावर पडून होता. चालवून न बघितलेला पाय दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा नसतो, कुठं घासतो ते बघावं लागतं. त्याचं गाव, चक ताजा, सहा किलोमीटरवर होतं, पण माझ्या परवान्यात ते नव्हतं. मास्टर ठाण्यात जाऊन बसले, तासाभरानं परवानगी घेऊनच उठले, आणि तोच पोलीस मला त्याच्या मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेला. पाय मी पोत्यात घालून मांडीवर धरला होता.

मेहर दीन न येण्याचं कारण अंगणातच उभं होतं. म्हैस व्यायली होती. पहिलं वेत, अडली होती, दोन दिवस तो तिच्यापाशी बसून होता. रेडकू ओलं, थरथरत, आईच्या पायांत उभं राहायला बघत होतं. पायाचं काय घेऊन बसलास, असा त्याचा चेहरा होता. सरदार बीबीनं मला खाटेवर बसवलं, खरवसासारखं काहीतरी घट्ट गोड दूध आणून दिलं आणि तुमच्याकडं या दिवसांत कुठली भाजी असते, असं विचारलं. मी मेथी म्हणालो. ती म्हणाली, आमच्याकडंही. आम्ही तिच्यात दाण्याचं कूट घालतो हे ऐकल्यावर मात्र तिनं शेजारणीला कुंपणावरून हाक मारून ते सांगितलं.

मग मी मेहर दीनला नवा पाय चढवला. अंगणात दहा फेऱ्या झाल्या. आतल्या बाजूला थोडं टोचत होतं, तिथं मी घासून दिलं. पाय वाजत नव्हता. सरदार बीबी बघत होती, तिनं ओढणीनं तोंड झाकलं.

“सपाट जमिनीवर कुणीही चालेल,” मेहर दीन म्हणाला. “बांधावर चालून बघतो.”

आम्ही दोघं शेताकडं निघालो. पोलीस दूध पीत बसला होता, तो म्हणाला, इथूनच दिसाल मला. गहू ओंबीत आला होता. बांध अरुंद होता, तरी म्हातारा सरळ चालत होता. गव्हाच्या मधोमध मला एक चौकोन दिसला, अर्ध्या एकराचा असेल. त्यात गहू नव्हता. माणसाएवढं उंच गवत माजलं होतं आणि मधोमध एक जुनी विहीर, रहाटाचा मोडका खांब आणि एक तुतीचं झाड. तुतीला फळं लगडली होती. मला गंमत वाटली, मी बांध उतरून तिकडं वळलो.

मेहर दीननं माझा दंड धरला. असा धरला की चार दिवस वळ होता.

“तिकडं नाही,” तो म्हणाला.

त्यानं मला बांधावर बसवलं आणि सांगितलं. लढाईत त्यांचं गाव पळालं. वर्षभर ते सियालकोटकडं तंबूत होते. त्र्याहत्तरच्या जानेवारीत परत आले तर घरांना दारं नव्हती, छपरं नव्हती. जमीन सरकारनं तपासून दिली होती, मोकळी आहे म्हणून सांगितलं होतं. तो पहिल्याच दिवशी विहिरीवर गेला, रहाटाची साखळी आहे का गेली ते बघायला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. बायको पोटुशी होती. त्यानंतर त्याच वर्षी तिथं एक म्हैस गेली. पुढं एकदा संध्याकाळी स्फोट झाला, सकाळी बघितलं तर रानडुक्कर. तेव्हापासून बत्तीस वर्षं त्या चौकोनात कुणी गेलं नव्हतं. सरकारी माणसं दोनदा आली, कडेनं फिरून गेली. आणखी किती आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकही नसेल, वीसही असतील. नातवंडांना तो चालायला यायच्या आधी ती जागा दाखवून भीती घालायचा.

मग मला ते मनात ठेववेना. मी म्हणालो, माझ्या भावाचाही पाय याच मुलखात गेला. बहात्तरच्या डिसेंबरात. तुमच्या लोकांच्या डब्बीवर.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. “कुठला पाय?”

“उजवा.”

“माझा डावा,” तो म्हणाला. “शेजारी राहत असतो तर चपलांच्या एका जोडीत भागलं असतं.”

आणि तो हसला. मलाही हसू आलं, आणि मग का कोण जाणे, रडूही. त्यानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. भाऊ काय करतो, शेती आहे का, पाणी आहे का, मुलं किती, असं तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिलो. निघताना म्हणाला, भावाला सलाम सांग. म्हणावं, चक ताजाचा मेहर दीन विचारत होता.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी गावी गेलो. अण्णा परसात विळ्याला धार लावत बसले होते. वहिनी देवळात गेल्या होत्या. मी त्यांना सगळं रंगवून सांगायला लागलो, मास्टर, पोलीस, म्हैस, मेथी. ते ऐकत होते आणि विळा घासत होते. मी म्हणालो, चक ताजा म्हणून एक गाव आहे.

विळा थांबला.

“विहीर आहे त्या शेतात?” त्यांनी विचारलं. “रहाटाची?”

मी हो म्हणालो. मला वाटलं, त्यांना तो मुलूख आठवत असेल.

“आणि तुती?”

“आहे.”

“किती फुटले तिथं?”

मी मेहर दीन, म्हैस आणि रानडुक्कर मोजून तीन सांगितले. अण्णांनी विळा खाली ठेवला आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

“माझा धरून चार,” ते म्हणाले. “म्हणजे पाच आहेत अजून.”

मला कळायला वेळ लागला. ते माझ्याकडं न बघता बोलत होते, हजेरी दिल्यासारखं. बहात्तरच्या फेब्रुवारीत त्यांनी त्या शेताच्या कडेनं रांगेत सुरुंग पेरले होते. त्यांचा तपशील रीतसर कागदावर गेला. काम संपल्यावर नऊ उरले. समोरच्या बाजूची माणसं पाण्याला विहिरीवर येतील, असं वाटून त्यांनी स्वतःच्या मनानं ते नऊ विहिरीभोवती पेरले आणि अंतरं खिशातल्या वहीत लिहून ठेवली. वरती द्यायचं राहिलं. डिसेंबरात सगळं काढायचा हुकूम आला तेव्हा रांगेतले काढून झाले आणि विहिरीजवळचे काढायला ते एकटे गेले, कारण ते फक्त त्यांनाच ठाऊक होते. पहिल्यावरच त्यांचं पाऊल पडलं. वही त्या गडबडीत गेली. शुद्धीवर आले तेव्हा अकरा दिवस झाले होते आणि मुलूख देऊन टाकलेला होता.

“म्हणजे शत्रूचा सुरुंग...”

“शत्रूचा नव्हता. माझाच.”

“मग शुद्धीवर आल्यावर सांगितलं का नाही तुम्ही?”

म्हणाले, “सांगता आलं असतं. एक चिठ्ठी लिहिली असती तरी साहेबांनी पुढं कळवलं असतं. पण मी दवाखान्यात पडलेलो, पाय गेलेला. मनात आलं, त्यांचं शेत आहे, बघतील त्यांचे ते. त्यांचे म्हणजे कोण, ते मला दिसतच नव्हतं, जया. वर्षभर त्यांच्या घरांत राहिलो, त्यांच्या चुलींवर भाकरी भाजल्या, पण माणूस एक पाहिला नव्हता. मग इकडं आलो, हार घातले तुम्ही लोकांनी. त्यानंतर कुणाला काय सांगायचं?”

मला त्यांचा राग आला होता आणि राग करायचं धाडसही होत नव्हतं. मेहर दीनच्या पायावरचे ठिपके आणि यांच्या पायावरचे, मी दोन्ही हातांनी चाचपले होते.

त्यांनी मला कागद आणायला सांगितला. पुतणीच्या भूगोलाच्या वहीतलं मधलं पान फाडून दिलं. दोन तास ते त्यावर वाकून होते. विहिरीचा कठडा, रहाट, तुती, बांध, उत्तर दिशेचा बाण. कठड्यापासून आणि तुतीपासून पावलं मोजून नऊ ठिकाणं. स्वतःच्या जागेवर फुली मारली, बाकीच्या आठांना गोल केले आणि बाजूला लिहिलं, यातले तीन फुटलेत, कुठले ते तिथल्यांना ठाऊक. बत्तीस वर्षांत ते हे रोज काढत आल्यासारखा त्यांचा हात चालत होता. मग म्हणाले, पाठव.

मी घाबरलो. माजी सैनिकाच्या हातचा नकाशा पाकिस्तानला टपालानं जाणार. कुणी उघडला तर? पेन्शन आहे, मुलाची नोकरी आहे, आणि गावात काय बोलतील?

“काय बोलायचं ते बोलू देत,” अण्णा म्हणाले. “नाव घाल माझं. हुद्दा घाल.”

मी मास्टर हैदर अलींच्या नावानं इंग्रजीत पत्र लिहिलं, नकाशा जोडला आणि सातारच्या टपालात टाकलं. महिनाभरानं एक गृहस्थ खरंच चौकशीला आले. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, नकाशाची दुसरी प्रत मागितली, ती अण्णांनी तिथंच काढून दिली. पुन्हा कुणी आलं नाही.

मास्टरांकडून उत्तर नव्हतं. पावसाळा गेला, दसरा गेला. अण्णा पत्राबद्दल विचारत नसत, पण पोस्टमन यायच्या वेळेला ओसरीवर बसलेले असत. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी गावीच होतो आणि फोन वाजला. मास्टर होते. म्हणाले, मेहर दीन माझ्या शेजारी बसलाय, त्याला तुझ्या भावाशी बोलायचंय.

अण्णांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. तिकडचा आवाज एवढा मोठा होता की मला जवळ उभं राहून ऐकू येत होता. दुवा-सलाम झालं. मग अण्णा फौजेतल्या हिंदीत म्हणाले, “भाऊ, ते मीच पेरले होते.”



“ठाऊक आहे,” मेहर दीन म्हणाला. “नकाशा उघडला तेव्हाच कळलं. ज्यानं पेरलं, त्याच्याशिवाय पावलं कुणाला माहीत असणार? पहिले चार दिवस तुला शिव्या घातल्या. घरातल्यांनी ऐकल्यात त्या, विचार.”

“घाल.”

“झाल्या घालून. आता काम ऐक.”

फौजेची माणसं ऑक्टोबरात यंत्रं घेऊन आली होती. नकाशावरून चार सापडल्या, सांगितल्या जागेपासून हातभर इकडंतिकडं. पाचवी काही केल्या सापडेना. आठ दिवस शोधून ती माणसं निघून गेली होती. तुतीपासून पूर्वेला चौदा पावलं, असं कागदावर आहे. तिथं तर बांधच लागतो. बांधात कशी असेल?

अण्णांनी डोळे मिटले. “तुती कुठली?”

“कुठली म्हणजे? तुती एकच आहे.”

“दोन होत्या. मी पश्चिमेकडच्या तुतीपासून मोजलंय.”

मग मेहर दीनचा आवाज आला, आधीपेक्षा खाली. “दोन होत्या. बरोबर आहे. मी परत आलो तेव्हा एकच होती. दुसरीचं खोडही नव्हतं.”

“आम्ही तोडली,” अण्णा म्हणाले. “थंडी होती. जाळायला.”

“ती माझ्या बापानं लावली होती.”

मी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडं मेहर दीन मास्टरांशी पंजाबीत काहीतरी बोलत होता. मग तो परत फोनवर आला.

“कुठं होती ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. “डोळे बांधले तरी दाखवीन. तिच्या सावलीत माझी न्याहारी व्हायची. तू पावलं नीट सांग. माझी पावलं की तुझी? तू उंच आहेस का?”

“पाच फूट सहा.”

“मग पाऊल लहान तुझं. चालून दाखव. तुझ्या भावाला मोजायला सांग, किती इंचांचं पडतं.”

मी वहिनींची शिवणाची टेप शोधून आणली. अण्णा ओसरीवर भिंतीपासून निघाले, प्लॅस्टिकच्या पायानं लंगडतात म्हणून आधी थांबले, मग म्हणाले, चोवीस वर्षांचा असताना चालायचो तसं चालतो. एका पायावर जोर देऊन ते चौदा पावलं चालले आणि मी फरशीवर खडूनं खुणा करून मोजत गेलो. एकूण अंतर मी फोनवर सांगितलं. तिकडं मास्टरांनी ते लिहून घेतलं आणि मेहर दीननं त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. फोन ठेवताना तो अण्णांना म्हणाला, सापडेपर्यंत मरू नकोस, आणखी काही विचारायचं निघालं तर?

वहिनी इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. फरशीवरच्या खडूच्या खुणांकडं बघत होत्या. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, सांगतो, जरा थांब.

फेब्रुवारीत मास्टरांचं कार्ड आलं. फौजेची माणसं पुन्हा आली, मेहर दीननं तुतीची जागा दाखवली आणि पाचवी निघाली. मी ते वाचून दाखवलं. अण्णांनी कार्ड माझ्याकडून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि वहिनींना हाक मारली. त्या ओले हात पुसत बाहेर आल्या. अण्णांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं, आणि आपला पाय कसा गेला ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.